जिन्याखालचं गुऱ्हाळ : घरच्या बिअरच्या नोंदी

७ जानेवारी २०२४, रविवार. डर्बी

नाताळच्या भेटवस्तूंत एक जड खोकं निघालं. नवऱ्याच्या ऑफिसातल्या कुणीतरी दिलेलं. आत पावणेदोन किलोचा पत्र्याचा डबा, डब्यात काकवीसारखा दाट काळपट रस, प्लॅस्टिकच्या झाकणाखाली यीस्टची पुडी. वर लिहिलंय की यातून ४० पाइंट, म्हणजे २३ लिटर बिअर होते. नवरा खूश होऊन म्हणाला, "करूया." आमच्या घरात "करूया" म्हणजे मी करायचं.

आंबवण्याची मला भीती नाही. इथल्या हिवाळ्यात साधं दही लावणं हासुद्धा एक प्रकल्पच असतो. अडचण वेगळी आहे. आई पिठात बोट बुडवून, वास घेऊन सांगते की अजून दोन तास हवेत. मला वासावरून काही कळत नाही, म्हणून ही वही आणि हा थर्मामीटर.

कायद्याचं आधी बघून घेतलं. ब्रिटनमध्ये १८८० पासून घरी बिअर करणाऱ्यालाही परवाना लागत असे. १९६३ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी ती अट काढून टाकली. आता स्वतःपुरती करायला मोकळीक आहे. विकायची नाही आणि परवान्याशिवाय गाळायची तर अजिबात नाही. पुण्याच्या चुलतभावाने खोक्याचा फोटो बघून "मलाही शिकव" म्हटलं. त्याला सांगितलं, बाबा रे, तिकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम १९४९ आहे, परवान्याशिवाय असलं काही बनवणं गुन्हा आहे. तू आपली वाच नुसती.

संध्याकाळी आईला फोन केला. ऐकून थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, "तिकडं जाऊन दारू गाळाय लागलीस व्हय गं?"

मी म्हटलं, आई, गाळत नाहीये, आंबवतेय. गाळणं म्हणजे भट्टी लावून वाफ धरायची. यात भट्टीच नाही.

"म्हंजे इडलीगत?"

इडलीगत.

"मग इडलीच कर की."

१३ जानेवारी, शनिवार

पहिला घाणा. दिवसभरातला निम्मा वेळ धुण्यात गेला.

धुणं आणि जंतू मारणं ही दोन वेगळी कामं आहेत, हे आज नीट डोक्यात शिरलं. आधी फर्मेंटर, म्हणजे ३० लिटरची झाकणवाली प्लॅस्टिकची बादली, सोडियम परकार्बोनेटच्या कोमट पाण्याने स्वच्छ केली. मग फॉस्फोरिक आम्लाचं सॅनिटायझर, लिटरला दीड मिली. त्याचा फेस राहिला तरी चालतो, विसळायचं नाही. विसळलं तर नळाच्या पाण्यातून आलेले जंतू पुन्हा चिकटतात. आई लोणच्याच्या बरण्या धुऊन दोन दिवस कडक उन्हात ठेवते आणि मग त्यांना ओला हात लावू देत नाही, तेच तत्त्व. इथे जानेवारीत ऊन शोधायला पोर्तुगालला जावं लागेल.

बाकी काम अर्ध्या तासाचं. डबा गरम पाण्यात ठेवून रस पातळ केला, चार लिटर उकळत्या पाण्यात विरघळवला, किलोभर साखर घातली, नळाच्या गार पाण्याने २३ लिटर केलं. तापमान २२. खूप घुसळलं, कारण सुरुवातीला यीस्टला प्राणवायू लागतो. यीस्ट भुरभुरलं, झाकण लावलं, त्यावर एअरलॉक बसवला. पाणी भरलेली वाकडी नळी असते ती. आतला वायू बुडबुड्यांनी बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही.

हायड्रोमीटर, म्हणजे रसाचा जडपणा मोजणारी तरंगती नळी: १.०३९. म्हणजे त्याच घनफळाच्या पाण्यापेक्षा हा रस ३.९ टक्के जड. साखर खाऊन संपेल तसा आकडा उतरेल. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करायचा, १३१ ने गुणायचं, की अल्कोहोलची टक्केवारी येते.

घरात १६ अंश. यीस्ट गारठेल म्हणून बादली स्वयंपाकघरात बॉयलरच्या शेजारी ठेवली आणि आईने शिवलेली गोधडी गुंडाळली.

१४ जानेवारी

सकाळी बुडबुड, दुपारी गुडगुड, रात्री एअरलॉकमधून फेस वर. घरभर पावाचा वास. बादलीवर चिकटवलेली तापमानाची पट्टी २८ दाखवते आहे. छान चाललंय!

(१७ फेब्रुवारीला वाढवलेली ओळ: छान चाललं नव्हतं.)

१६ जानेवारी

बुडबुडे बंद. इतक्या लवकर? शेजारचे आजोबा म्हणाले, हात लावू नकोस.

२० जानेवारी

१.००९. दोन दिवसांपूर्वीही तेवढाच होता.

शेजारच्या आजोबांबद्दल लिहायला हवं. सत्तरी ओलांडलेले, निवृत्त. १९७० च्या दशकात इथे घरच्या बिअरची लाट आली होती तेव्हा गॅरेजमध्ये बिअर करायचे. माझ्या बादलीजवळ येऊन त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो तापमानाचा. मी अभिमानाने २८ सांगितलं. त्यांनी गोधडीकडे बघितलं, बॉयलरकडे बघितलं, मग गोधडीवरच्या टाक्यांचं पुष्कळ कौतुक केलं. बिअरबद्दल अवाक्षर काढलं नाही. इंग्रज माणूस विषय बदलून कौतुक करू लागला की समजावं.

२७ जानेवारी, शनिवार

बाटल्या भरल्या. ४२ बाटल्या, अर्ध्या लिटरच्या, सगळ्या तपकिरी. हिरव्या आणि पांढऱ्या काचेच्या आजोबांनी बाजूला काढायला लावल्या. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं. त्यांच्यातल्या कडू द्रव्यावर उजेड पडला की गंधकाचं एक संयुग तयार होतं आणि बिअरला स्कंक या प्राण्यासारखी घाण येते. तपकिरी काच तो उजेड अडवते.

१३० ग्रॅम साखर थोड्या पाण्यात उकळून सगळ्या बिअरमध्ये मिसळली. राहिलेलं यीस्ट ती साखर बाटलीत खातं, वायूला बाहेर जायला वाट नसते, म्हणून तो बिअरमध्ये विरघळतो. बिअरला फेस येतो तो एवढ्या चिमूटभर साखरेने. सायफन करताना धार वरून पडू द्यायची नाही, नळी तळाला टेकलेली हवी. पहिल्या दिवशी घुसळून हवा मिसळायची आणि आंबून झाल्यावर हवेचा स्पर्श नको, हे उलटंसुलटं लक्षात ठेवायला मी फळीवर चिठ्ठी लावली आहे.

टोपणं दाबायचं हत्यार जोरात मिटतं. बोट सांभाळावं. माझं सांभाळलं गेलं नाही.

१७ फेब्रुवारी, शनिवार

पहिली बाटली उघडली. फसफस उत्तम, रंग उत्तम, फेस दोन बोटं. नवऱ्याने घोट घेतला आणि म्हणाला, "वेगळी आहे."

वेगळी म्हणजे काय, ते मी घोट घेतल्यावर कळलं. नाकाशी अतिपिकलं केळं, जिभेवर नेलपॉलिश पुसायच्या पाण्याची झाक, घशाखाली उतरताना नुसती जळजळ. फक्त चार टक्क्यांची बिअर आणि लागते मात्र हातभट्टीसारखी. आईचा शब्द खरा करून दाखवला.

कारण आता वाचलं, तेही २३ लिटर वाया घालवल्यावर. एल जातीचं यीस्ट साधारण १८ ते २० अंशांवर शहाण्यासारखं वागतं. त्याच्या वर गेलं की घाईने वाढतं, आणि त्या घाईत एस्टर आणि जड अल्कोहोलं जास्त तयार करतं. केळं आणि नेलपॉलिश एस्टरांचं, जळजळ जड अल्कोहोलांची. आंबताना यीस्ट स्वतः उष्णता सोडतं, त्यामुळे बादलीच्या आतलं तापमान खोलीपेक्षा काही अंश जास्तच असतं. शेणाचा उकिरडा हिवाळ्यात पहाटे उकरला की वाफा येतात, हे मी लहानपणापासून बघितलंय. तरी त्या उकिरड्याला गोधडी पांघरून बॉयलरशेजारी बसवलं!

४२ पैकी ३९ बाटल्या शिल्लक. आजोबा म्हणतात ठेवून बघ, थोडी निवळेल. मी आठ बाटल्या मटणात घातल्या आणि उरलेल्या कोपऱ्यात लावल्या.

२४ फेब्रुवारी, शनिवार

दुसरा घाणा, तसाच डबा. फक्त एका किलो साखरेऐवजी माल्टची, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीच्या अर्काची पूड वापरली, कारण साखर पूर्ण आंबून बिअर पाणचट होते. सुरुवात १.०४१.

या वेळी उष्णतेचा प्रश्नच नको म्हणून बादली थेट गॅरेजमध्ये. तिथे १२ अंश.

९ मार्च, शनिवार

दोन आठवडे सावकाश बुडबुडे, आता पूर्ण बंद. १.०१८. गेल्या वेळेपेक्षा जास्तच आहे, पण माल्टमध्ये न आंबणारा भाग असतो असं वाचलं होतं. आकडा तीन दिवस हललेला नाही. भरल्या बाटल्या, १३० ग्रॅम साखर, आणि फसफस यावी म्हणून जिन्याखालच्या कपाटात. तिथे २० अंश असतात.

२३ मार्च, शनिवार

पहाटे चारला स्फोट.

आधी वाटलं गाडीचा टायर फुटला. मग जिन्याखालून झिरपत आलेल्या बिअरमध्ये पाय पडला. एक बाटली फुटून तिच्या शेजारच्या दोघींनाही घेऊन गेली होती. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला काचेचा तुकडा रुतलेला. दार बंद होतं म्हणून. हे वाक्य मी मुद्दाम अर्धंच ठेवते आहे.

सकाळी आजोबांच्या सल्ल्याने काम: जाड हातमोजे, वेल्डिंगचा चष्मा, ओला टॉवेल. एकेक बाटली टॉवेलखाली धरून, थंड पाण्याच्या टबात ठेवून, टोपण जरासं उचलून गॅस सोडला. गार द्रवात वायू जास्त विरघळून राहतो, त्यामुळे दाब कमी होतो. ३८ बाटल्यांना तीन तास लागले. निम्मी बिअर छताला.

एका बाटलीतली बिअर दोन भांड्यांत वरखाली ओतून, चहा गार करतात तशी, गॅस घालवून हायड्रोमीटर लावला. १.०१४. म्हणजे ती आंबून झालीच नव्हती. १२ अंशांवर यीस्ट गारठून तळाशी झोपलं होतं आणि मी त्याला मेलेलं समजले. जिन्याखालच्या उबेत ते जागं झालं आणि माझ्या १३० ग्रॅमबरोबर उरलेला माल्टही खायला लागलं.

हिशेब मांडला. हायड्रोमीटरचे दोन पॉइंट, म्हणजे ०.००२, उतरले की साधारण एक पट वायू तयार होतो, म्हणजे एक लिटर बिअरमध्ये एक लिटर वायू. मला हवी होती सव्वादोन-अडीच पट. १.०१८ वरून १.०१४ म्हणजे वर आणखी दोन पट. आणि अजून दोन-तीन पॉइंट उतरायला जागा होती. साध्या बिअरच्या बाटल्या इतक्या दाबासाठी केलेल्याच नसतात.

दोन घाण्यांतली चूक एकच, फक्त उलट्या दिशेने. पहिल्यात मी यीस्टला भाजलं, दुसऱ्यात गोठवलं. "आकडा हलत नाही" एवढ्याने आंबणं संपलं असं होत नाही. योग्य तापमानाला ठेवून हलत नसेल तर संपलं. एअरलॉकचे बुडबुडे तर कशालाच पुरावा नाहीत, झाकण जरा सैल असलं तरी ते थांबतात.

आईला सांगितलं नाही. नवऱ्याने सांगितलं. आईचा मेसेज: "इडली फुटत नाही."

२९ मार्च, गुड फ्रायडे

सुट्टी होती, आगगाडीने बर्टन अपॉन ट्रेंटला गेलो. डर्बीहून दहा-पंधरा मिनिटं. एके काळी हे गाव म्हणजे नुसत्या ब्रुअरीच. बिअरचं संग्रहालय होतं तेही २०२२ मध्ये बंद पडलं. गावात तशी शांतताच आहे, पण वाऱ्यावर अजून माल्टचा वास येतो.

बर्टनचं भाग्य पाण्यात होतं. इथल्या विहिरींचं पाणी जिप्समच्या थरांतून येतं. त्यातल्या सल्फेटमुळे हॉप्सचा कडवटपणा कोरडा, स्वच्छ लागतो, आणि कॅल्शियममुळे बिअर लवकर निवळते. लंडनच्या ब्रुअरी हिंदुस्थानात फिकट रंगाची, जास्त हॉप्सची बिअर पाठवत असत; १८२० च्या दशकात बर्टनवाले त्या व्यापारात उतरले आणि पाण्याच्या जोरावर पुढे गेले. ती पिंपं मुंबई आणि कलकत्त्याला उतरत. इंडिया पेल एल या नावातला इंडिया तो. बास कंपनीचा लाल त्रिकोण १८७६ मध्ये ब्रिटनचा पहिला नोंदणीकृत ट्रेडमार्क ठरला, तोही याच गावचा. नंतर इतर गावचे बिअरवाले आपल्या पाण्यात जिप्सम टाकू लागले, आणि त्या क्रियेला नावच पडलं "बर्टनायझेशन".

फोनवर अप्पांना हे सांगितलं. शिरोळ तालुक्यातली आमची जमीन कृष्णेकाठची, निम्मी चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडलेली. अप्पा म्हणाले, "आम्ही जिप्समची पोती रानात टाकतोय, आणि ती माणसं पिण्यात टाकतात व्हय?" मी सांगितलं, पाच-सहा ग्रॅम फक्त. अप्पांना एवढ्यात रस वाटू लागला, म्हणून पुढचा घाणा त्यांच्या देखत करायचा ठरवलं. व्हिडिओ कॉलवर.

२० एप्रिल, शनिवार

तिसरा घाणा. डबा नाही, थेट धान्य. दहाच लिटर, म्हणजे बिघडलं तरी रडू कमी.

नॉर्मंटन रोडवरून २० लिटरचं स्टीलचं पातेलं आणलं. दुकानदाराने विचारलं, लग्न आहे का घरात. मॅरिस ऑटर जातीचा बार्ली माल्ट दोन किलो, क्रिस्टल माल्ट १०० ग्रॅम, भरडून. मॅरिस ऑटर ही केंब्रिजच्या पैदास संस्थेत तयार झालेली १९६० च्या दशकातली जात, इथले लोक तिच्याबद्दल आपण इंद्रायणी तांदळाबद्दल बोलतो तसे बोलतात. चघळून बघा म्हणाले होते दुकानात. चघळलं तर गोड, बिस्किटासारखं.

आई पडद्यावर होती. माल्ट म्हणजे काय हे तिला समजवायला गेले: बार्ली भिजवून मोड आणायचे, मोड पुरते वाढायच्या आत वाळवून भाजायची. ती म्हणाली, "नाचणीचं सत्व मग. हे काय शिकवतीस मला?" खरंच की. मोड आलेल्या नाचणीचं पीठ घातलं की लापशी पातळ होते आणि बाळाला गिळता येते. कारण मोड येताना दाण्यात अमायलेझ नावाची विकरं तयार होतात आणि ती पिठूळपणाची साखर करतात. बिअरमध्ये हेच मुद्दाम, तासभर, ठरलेल्या तापमानाला करायचं. आईने मला सहा महिन्यांची असताना जे भरवलं, त्याचं मी आता तापमान मोजते आहे.

नोंद: १४ लिटर पाणी, अर्धी कॅम्पडेन गोळी कुस्करून. त्यातलं मेटाबायसल्फाइट नळाच्या पाण्यातला क्लोरीन घालवतं. नाहीतर बिअरला दवाखान्याचा वास येतो. जिप्सम ५ ग्रॅम. पाणी ७० अंशांवर नेलं, मोठ्या जाळीदार पिशवीत धान्य सोडलं, तापमान बसलं ६७ वर. ६२-६३ ला ठेवलं तर जास्त आंबणारी साखर निघते आणि बिअर कोरडी होते. ७० ला गेलं तर न आंबणारी जास्त, बिअर भरीव. मधला रस्ता धरला. गॅस बंद, पातेल्याला गोधडी. या वेळी गोधडी योग्य जागी आहे, याची आजोबांनी कुंपणावरून खात्री केली.

तासाभरात ६७ चे ६५ झाले. बशीत एक थेंब रस, त्यावर आयोडीनचा थेंब. रंग बदलला नाही, म्हणजे पिठूळपणा संपला. पिठूळ असता तर निळाकाळा झाला असता. अप्पा म्हणाले, शाळेत बटाट्यावर टाकून बघितलं होतं.

पिशवी उचलून पिळली, पातेलं पुन्हा आचेवर. इथून पुढे अप्पांचं राज्य. उकळी येताच वर तपकिरी फेसाचा जाड थर चढला आणि फोनमधून ओरडा आला, "मळी काढ, मळी!" आमच्याकडे गुऱ्हाळात काहिलीवर उभा माणूस तेच करत असतो. हा थर म्हणजे गोठलेली प्रथिनं. काढली नाहीत तरी तळाशी बसतात, पण अप्पांच्या समाधानासाठी झाऱ्याने काढली. तेवढ्यात उतू गेलंच. शेगडीवर ते कारामेल होऊन बसलंय, अजून निघालेलं नाही.

तासभर उकळी. सुरुवातीला चॅलेंजर हॉप्स २० ग्रॅम, कडवटपणासाठी. त्यातली आम्लं उकळल्याशिवाय रूप बदलत नाहीत आणि विरघळत नाहीत. शेवटी आच बंद करून ईस्ट केंट गोल्डिंग्ज १५ ग्रॅम, वासासाठी, कारण उकळलं तर वास उडून जातो. कोथिंबीर शेवटी घालतो तसं. संपायला दहा मिनिटं असताना आयरिश मॉसची गोळी टाकली, समुद्री शेवाळापासून करतात ती, रस निवळायला. अप्पांनी विचारलं, "ही कशाला?" सांगितलं तर म्हणाले, "मग भेंडी का नाही घातलीस?" गुऱ्हाळात रानभेंडीचा चिकट रस मळी धरायला घालतात. चिकट पदार्थ, तोच उद्देश, नुसतं समुद्र आणि रान एवढाच फरक. पुढच्या वेळी खरंच घालून बघणार आहे.

पातेलं आंघोळीच्या टबात, बर्फाचं पाणी भोवती, ४० मिनिटांत १९ अंश. १.०४१. अप्पांनी ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेची टक्केवारी, विचारला. साधारण दहा. "दहा? पिकलेल्या उसाला वीस लागतो. हे तर नुसतं पाणी."

एस-०४ यीस्टची अर्धी पुडी. आणि सगळ्यात महत्त्वाचं: बादली जिन्याखाली, पण पाण्याने भरलेल्या मोठ्या टबात उभी. टबातलं पाणी बादलीची उष्णता शोषून घेतं, एकदम चढूउतरू देत नाही. मत्स्यालयाचा छोटा हीटर १८ वर लावलेला, आणि फार चढलं तर टाकायला फ्रिजरमध्ये बर्फाच्या बाटल्या. सगळा मिळून बारा पौंडांचा खर्च. पहिल्या दिवशी केला असता तर ८४ बाटल्यांचं हसं झालं नसतं.

२१ एप्रिल

पट्टीवर १९. दर चार तासांनी बघते. नवरा म्हणतो, बाळ आहे का आत.

उरलेला बार्लीचा चोथा, जवळजवळ चार किलो ओला. आजोबा म्हणाले कोंबड्यांना घाल, आमच्याकडे कोंबड्या नाहीत. थोडा वाळवून थालीपिठाच्या भाजणीत मिसळला. चव छान खरपूस, पण टरफलं दातांत अडकतात. मिक्सरमधून अजून बारीक काढून परत प्रयत्न. वापरलेले हॉप्स मात्र कचऱ्याच्या बंद पिशवीत, कारण आजोबांची कुत्री कुंपणाखालून येते आणि हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात.

४ मे

१.०१०. हीटर तीन दिवसांपूर्वीच २० वर केला होता, शेवट नीट व्हावा आणि लोण्यासारख्या वासाचं डायअसेटिल यीस्टने परत खाऊन टाकावं म्हणून.

६ मे, सोमवार, सुट्टी

पुन्हा १.०१०. उबेत, दोन दिवसांत, न हललेला. भरल्या. १८ बाटल्या, साखर ५० ग्रॅम, या वेळी लिटरला साडेपाच ग्रॅम असा हिशेब करून. बाटल्या जाड खोक्यात, खोकं कपाटात, कपाटावर चिठ्ठी: "१ जूनपर्यंत दार जपून."

बादलीच्या तळाचा पांढुरका गाळ उकळलेल्या बरणीत काढून फ्रिजमध्ये ठेवला. ते जिवंत यीस्ट आहे, पुढच्या घाण्याला चालतं. आई विरजण राखते ते असंच. फक्त विरजणात कोण कोण नांदतंय हे कुणी विचारत नाही. बिअरवाल्यांनी १८८३ मध्ये ते विचारलं: कोपनहेगनला कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं, आणि तेव्हापासून घाणा बिघडला तर निदान जंगली यीस्टवर ढकलता येईनासं झालं. माझ्या बाबतीत तर ढकलायला आधीपासूनच कुणी नव्हतं.

१ जून, शनिवार

उघडली. केळं नाही, नेलपॉलिश नाही. आधी बिस्किट, मग मातकट-फुलांचा गोल्डिंग्जचा वास, शेवटी कोरडा कडवटपणा. ४.१ टक्के. फसफस जरा कमी आहे, पण बिटर नावाच्या इथल्या बिअरला तेवढीच हवी. थोडी गढूळ आहे, मळी काढूनसुद्धा.

आजोबांना कुंपणावरून ग्लास दिला. त्यांनी उजेडात धरला, प्यायले, आणि म्हणाले, "ठीक आहे." गोधडीबद्दल एक शब्द नाही.

नवऱ्याने दुसरी मागितली. पहिल्या घाण्यातल्या ३१ बाटल्यांतली एक त्याला आधी उघडायला लावली, तुलनेसाठी. केळं जरा कमी झालंय. जळजळ तशीच. त्या आता लोणच्याच्या मसाल्यासारख्या मटणातच संपतील.

२ जून

सकाळी नवरा दही लावायला फ्रिजमधून बरणी काढून दुधात चमचा घालणार, एवढ्यात मी पोचले. बरणीवर आता मोठ्या अक्षरात लेबल: "एस-०४, ६ मे. हे विरजण नाही."

पुढचा घाणा १५ जूनला, हॉप्स थोडे वाढवून. रानभेंडी इथे मिळणार नाही, साध्या भेंडीवरच भागवावं लागेल. नॉर्मंटन रोडवर आहे.